आलं का?

रविवारी सकाळी सव्वाआठला मामींनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "अहो, चहाला आलं नाहीये. खाली जाऊन तेवढं आणा."

"आलोच," मामा बेडरूममधून म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे, ते झालं की निघालो."

कंप्युटरच्या कामाला दोन मिनिटं हे माप ज्याने पहिल्यांदा लावलं, तो बहुधा अजून त्याच कामात आहे. मामांचं काम तसं साधं होतं. कोथरूडमधला दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट. बेडरूममध्ये जुना डेस्कटॉप, हॉलमध्ये मुलीने दिवाळीत घेऊन दिलेला नवा लॅपटॉप, दोघांत मोजून चौदा फूट आणि एक भिंत. डेस्कटॉपवर मुलीच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ, सगळे मिळून ४० जीबी, ते लॅपटॉपवर आणायचे. दोन्ही यंत्रं एकाच घरातली, एकाच मीटरची वीज खाणारी. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायला कितीसा वेळ लागणार?

मामींनी आदल्या रात्री पेन ड्राइव्ह सुचवला होता. तो निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर मिळालेला, १६ जीबीचा. तीन खेपांत काम झालं असतं, पण पहिल्याच खेपेला लग्नाची मुख्य फिल्म अडली. फिल्म सव्वापाच जीबीची, ड्राइव्ह सोळाचा आणि पूर्ण रिकामा, तरी कंप्युटर म्हणाला, फाइल फार मोठी आहे. असे ड्राइव्ह पुष्कळदा फॅट३२ नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेले असतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीच्या वरची एक अखंड फाइल मावतच नाही. एसटी रिकामी उभी आहे, पण सहा फुटांच्या वरच्या प्रवाशाला कंडक्टर चढू देत नाही, त्यातला प्रकार. मामींनी सुचवलेली गोष्ट चालली नाही याचा मामांना आनंद झाला, हे त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. आता रीतसर नेटवर्क जोडणं आलं.

पहिला दोष वायरीत निघाला.

फायबरवाल्याने बसवलेला डबा हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. त्याचं वाय-फाय बेडरूमपर्यंत जाता जाता लोखंडी कपाटाला आपटून परत फिरतं. म्हणून मामांनी दोन वर्षांपूर्वी माळ्यावरचा जुना राउटर काढून बेडरूममध्ये लावला, हॉलच्या डब्यातून त्याला वायर ओढली आणि राउटरमधून दुसरी वायर डेस्कटॉपला. या वायरी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतल्या. दुकानातल्या पोराने त्या मामांच्या देखत क्रिंप करून दिल्या होत्या. शेंदरी-पांढरी, शेंदरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी: आठ तारांचा हा क्रम तो पाढ्यासारखा पुटपुटत होता. शेवटची तार तपकिरी निघाली तेव्हा गल्लीला हे नाव का पडलं ते आपल्याला समजलं, असं मामांना उगाचच वाटलं होतं.

अशा वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा एक दात असतो. त्याच्या पाठीवर नखाएवढी जीभ. दात खाचेत बसला की 'टक्' असा आवाज येतो, तो त्या जिभेचा. ही जीभ तुटते. तुटताना तिला कुणी पाहिलेलं नाही. केर काढताना तुटते असा एक पक्ष आहे आणि वायर खसकन ओढणारे पुरुष ती तोडतात असा दुसरा. जीभ गेली तरी दात जागेवर बसतो, दिवा लागतो, काम चालतं, आणि कुणी दार आपटलं की दिवा जातो. मामांच्या बेडरूममधल्या टोकाला जिभेच्या जागी पीएमटीच्या तिकिटाची घडी खोचलेली होती. ती आपणच खोचली होती हे मामांना आठवेना, आणि तिकीट त्यांच्याच ऑफिसच्या मार्गाचं आहे हे मामींनी दाखवून दिलं.

मग मामा बेडरूममध्ये वायर हलवत बसले आणि मामी हॉलमध्ये डब्यावरचा दिवा बघत उभ्या राहिल्या.

"लागला का?"

"लागला."

"आता?"

"गेला."

"आणि आता?"

"अहो, कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी चालले."

वायर चिकटपट्टीने जखडून झाली, दिवा स्थिरावला, तरी लॅपटॉपवरच्या 'नेटवर्क'च्या खिडकीत डेस्कटॉप दिसेना. मामांना हा विश्वासघात वाटला, कारण पूर्वी दिसायचा. आठवण खरी आहे. विंडोज ७ बरोबर २००९ साली मायक्रोसॉफ्टने होमग्रुप नावाची सोय आणली होती. घरातले सगळे कंप्युटर एका गटात, एकच पासवर्ड, फोटो, गाणी, प्रिंटर सगळं सामाईक. थोडक्यात एकत्र कुटुंब. पासवर्ड विंडोज स्वतःच पाडून द्यायचं आणि तो असा असायचा की घरातल्या कुणालाही पाठ होऊ नये. २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटबरोबर हे एकत्र कुटुंब मोडलं.

त्याच्या आदल्या वर्षी सोसायटीचा जुना वॉचमनही गेला होता. विंडोजचे कंप्युटर एकमेकांना फायली देताना जी बोली वापरतात, तिची पहिली आवृत्ती म्हणजे एसएमबी-१. तिच्यातल्या एका भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा किडा जगभरच्या यंत्रांत शिरला; ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामंही त्याने बंद पाडली. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० मधून एसएमबी-१ काढून टाकायला सुरुवात झाली. आता कोणकोणते कंप्युटर शेजारी आहेत याची यादी ठेवणारी जुनी व्यवस्था याच आवृत्तीच्या आधाराने जगत होती. आधार गेला, यादी गेली, आणि पुष्कळ घरांत ती खिडकी रिकामी दिसू लागली. समोर कुणी राहत नाही असा त्याचा अर्थ नव्हता. फक्त कोण कुठे राहतं ते सांगणारा माणूस फाटकावर उरला नव्हता.

दहा वाजता मामांनी भाच्याला फोन लावला.

मराठी घरात पोटचा मुलगा कंप्युटर इंजिनिअर असला तरी दुरुस्तीला भाचाच लागतो, कारण मुलाशी बोलताना दोन्हीकडून आवाज चढतो. हा भाचा हिंजवडीत बँकांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो. घरातल्या वायरींशी आपला काडीचाही संबंध नाही, हे त्याने गेल्या आठ वर्षांत बऱ्याच नातेवाइकांना सांगून पाहिलं आहे. त्याची खरी विद्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरची. रात्री दोन खोल्यांत क्रॉस केबल टाकून गेम खेळायचे, त्यातून मिळालेली. क्रॉस केबल म्हणजे एका टोकाला शेंदरी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल केलेली वायर, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात पडतं. साधी सरळ वायर लावली तर तोंडासमोर तोंड आणि कानासमोर कान. पुढे यंत्रं शहाणी झाली, समोरच्याचं तोंड कुठे आहे ते ओळखून आपले कान फिरवू लागली, आणि होस्टेलच्या त्या विद्येचा भाव उतरला. मामांकडे मात्र तो अजून टिकून आहे.

"मामा, डेस्कटॉपवर काळी खिडकी उघड. पिंग लिही आणि पुढे लॅपटॉपचा पत्ता, १९२.१६८.१.५."

मामांनी एकेक कळ शोधून लिहिलं आणि एंटर दाबलं. फोन स्पीकरवर होता.

"आलं का?" भाच्याने विचारलं. त्याला उत्तर अभिप्रेत होतं.

"कुठून येणार?" मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आठपासून सांगतेय, माणूस जागचा हलेल तर शपथ!"

पिंग म्हणजे नेटवर्कवरची हाक. 'आहेस का?' एवढंच विचारायचं आणि 'आहे' एवढंच ऐकायचं. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने ती पहिल्यांदा घातली. तो मेरीलँडमधल्या लष्कराच्या एका प्रयोगशाळेत होता. तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून एका संध्याकाळी बसून त्याने हा छोटा प्रोग्राम लिहून टाकला. पाण्यात सोडलेला सोनारचा आवाज आपटून परत येतो, त्यावरून नाव ठेवलं पिंग. विंडोजवर ही हाक चार वेळा जाते आणि दर वेळी सोबत ३२ अक्षरांची शिदोरी नेते. शिदोरीत काय, तर इंग्रजी मुळाक्षरं: ए पासून डब्ल्यूपर्यंत, आणि उरलेल्या जागेत पुन्हा ए पासून आयपर्यंत. एक्स, वाय आणि झेड यांना या पंगतीत कधी पान मिळालेलं नाही.

म्यूसला ऐकायला मिळालेला एक किस्सा मामींना सांगण्यासारखा आहे. एका नेटवर्क सांभाळणाऱ्याची वायर अशीच कुठेतरी ढिली होती. त्याने पिंगचं उत्तर आलं की कंप्युटरने मोठ्याने 'पिंग' म्हणावं अशी सोय केली, आवाज ऑफिसातल्या स्टिरिओला जोडला, कान सहन करतील इतका वाढवला आणि तो इमारतभर एकेक जोड हलवत हिंडला. ज्या जोडाला हात लावताच आवाज थांबला, तिथे दोष. म्हणजे मामी हॉलमध्ये उभ्या राहून 'लागला', 'गेला' म्हणत होत्या ते काम अमेरिकेत यंत्राला द्यावं लागलं. तिथल्या यंत्राला कुकर बघायचा नव्हता, एवढाच फरक.

मामांच्या चारही हाका वाया गेल्या. पडद्यावर चार वेळा एकच ओळ: वाट पाहिली, वेळ संपली. भाच्याने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मामा, लॅपटॉप पहिल्यांदा वाय-फायला जोडलास, तेव्हा त्याने काही विचारलं होतं? पब्लिक की प्रायव्हेट?"

"पब्लिक सांगितलं," मामा अभिमानाने म्हणाले. "आपल्याकडे काय प्रायव्हेट आहे? येणाऱ्या-जाणाऱ्याचं घर."

इथे भाषेचा घोटाळा होता. मराठी माणसाच्या कानात सार्वजनिक म्हटलं की आधी गणपती येतो: मांडव खुला, आरतीला कुणीही यावं, प्रसाद घेऊन जावा. विंडोजच्या लेखी सार्वजनिक म्हणजे स्वारगेटचा स्टँड. पाकीट आतल्या खिशात ठेवा, अनोळखी माणसाने हाक मारली तर मागे वळून पाहू नका. असं सांगितलेला कंप्युटर जिवंत असतो, इंटरनेट वापरतो, पण शेजाऱ्याच्या पिंगला ओ देत नाही. नव्या लॅपटॉपला मामांनी घर मोकळं ठेव म्हणून सांगितलं आणि त्याने आतून कडी घातली. प्रायव्हेट केलं, शेअरिंगचं बटण चालू केलं, आणि डेस्कटॉपच्या काळ्या खिडकीत टपाटप चार उत्तरं पडली.

"आलं! आलं!" मामा ओरडले.

मामींनी या वेळी काहीच म्हटलं नाही, फक्त पातेलं जरा जोरात ठेवलं.

दोन कंप्युटर जोडताना दोन माणसांनी आणखी एखाद्या वाटेने बोलत राहावं लागतं, ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला कंप्युटर मेन्लो पार्कमधल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या कंप्युटरशी बोलणार होता. अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. इकडे प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांचा विद्यार्थी चार्ली क्लाइन, तिकडे बिल डुव्हाल, आणि दोघांच्या कानाला साधे टेलिफोन. शब्द पाठवायचा होता लॉगिन. क्लाइनने 'एल' दाबला आणि तो पोचला का ते फोनवर विचारलं. पोचला. मग 'ओ' दाबला. तोही पोचला. 'जी' दाबला आणि पलीकडचा कंप्युटर झोपला. इंटरनेटच्या आजोबांचं, म्हणजे अर्पानेटचं, पहिलं बोलणं 'लो' एवढंच झालं. तासाभराने दुरुस्ती करून पूर्ण शब्द गेला. साडेपाचशे किलोमीटरला एक तास लागला होता. मामांचे चौदा फूट पावणेतीन तासांनंतरही बाकी होते.

कारण उलट्या दिशेने काही जमेना. डेस्कटॉपने हाक मारली की लॅपटॉप उत्तर देतो, पण लॅपटॉपने हाक मारली की डेस्कटॉप गप्प. "सासरेबुवा आणि जावई," मामा म्हणाले. कोण कोण ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. भाच्याची बायको त्याला जेवायला बोलवत होती. सभा तहकूब झाली.

जेवताना डक्टमधल्या कबुतरांचा विषय निघाला, कारण तो रोजच निघतो. हीच कबुतरं कामाला लावता आली असती. १ एप्रिल १९९० रोजी इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी थट्टेने एक रीतसर मसुदा काढला होता: कबुतरांमार्फत इंटरनेटची पाकिटं कशी न्यावीत. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमींनी तो खरा करून दाखवला. कागदावर छापलेली पिंग कबुतराच्या पायाला गुंडाळून सोडली. नऊ हाका गेल्या, चार उत्तरं आली. सर्वांत जलद उत्तराला ५३ मिनिटं लागली आणि सर्वांत सावकाश आलेल्याला पावणेदोन तास. ही आकडेवारी वाचून जगभरचे लोक हसले. त्या रविवारी दुपारी मामांच्या घरात मात्र कबुतरांचा निकाल यंत्रांपेक्षा सरस होता.

तीन वाजता पुन्हा बैठक बसली तेव्हा सकाळी चालत होतं तेही बंद पडलं होतं. डेस्कटॉपची हाक लॅपटॉपला जाईना. भाच्याने अर्धा तास सकाळचे बदल एकेक करून उलटे केले, पुन्हा सुलटे केले, फायरवॉलला दोष दिला, अपडेटला दोष दिला. शेवटी मामी कपडे वाळत घालायला हॉलमधून जाताना म्हणाल्या, "अहो, हा लॅपटॉप झोपलाय." जेवणानंतर लॅपटॉपला कुणी हात लावला नव्हता, तेव्हा तो ठरल्या वेळी स्लीपमध्ये गेला होता. पुण्यात एक ते चार कुणीही हाकेला ओ देत नाही हे भाच्याच्या लक्षात यायला हवं होतं.

जागा झाल्यावर लॅपटॉपने पुन्हा उत्तरं दिली. आता उरलं उलट दिशेचं कोडं. भाच्याने दोन्हीकडचे पत्ते वाचून घेतले. लॅपटॉपचा १९२.१६८.१.५. डेस्कटॉपचा १९२.१६८.०.५.

"मामा, तुझ्या घरात दोन पेठा आहेत," भाचा म्हणाला.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ च्या फेब्रुवारीत तसा लेखी नियमच झाला. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत, त्यामुळे कुणीही आपल्या घरात वापरावेत, जशी प्रत्येक उपनगरात एक 'साईकृपा' असते आणि टपाल हरवत नाही. हे पत्ते राउटर वाटतो, आणि कायमचे नव्हे तर मुदतीने. आपल्याकडचा भाडेकरार जसा अकरा महिन्यांचा, तसा राउटरचा बऱ्याचदा चोवीस तासांचा. मुदत संपायच्या बरीच आधी यंत्र तो मुकाट्याने वाढवून घेतं, दलाली न देता. मामांच्या घरात अशी वाटप कचेरी एक नव्हती, दोन होत्या. हॉलचा डबा शनिवार पेठेतले पत्ते वाटत होता आणि बेडरूममधला जुना राउटर नारायण पेठेतले. जुन्या राउटरला बेडरूम म्हणजे आपलं घर आणि हॉल म्हणजे बाहेरचा रस्ता वाटत होता. आतून बाहेर जाणाऱ्याला तो वाट देई, पण बाहेरून कुणी आलं की दार बंद. म्हणून डेस्कटॉपला लॅपटॉप सापडायचा आणि लॅपटॉपला डेस्कटॉप नाही. चिकाच्या पडद्याआडून बाहेरचा रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं माणूस दिसत नाही, तसं. दोन वर्षं घरात हा पडदा होता आणि इंटरनेट चालत असल्यामुळे कुणाला पत्ता नव्हता.

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी जुन्या राउटरची पत्तेवाटप बंद करायची, मग हॉलमधून आलेली वायर त्याच्या निळ्या खाचेतून काढून शेजारच्या पिवळ्या खाचेत घालायची. मग तो घरमालक राहत नाही, नुसता जोडवायर होतो. मामांनी पहिली पायरी केली, आणि भाचा पुढचं सांगेपर्यंत उत्साहाने डेस्कटॉप बंद करून चालू केला. पत्ता देणारं आता कुणी नव्हतं. अशा वेळी विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं. कचेरी बंद, मग आपणच आपल्या नावाची पाटी रंगवून दारावर ठोकायची. असा पत्ता दिसला की समजावं, घरात पत्ते वाटणाऱ्याशी गाठ पडलेली नाही. मामांना तो आकडा इतका अनोळखी वाटला की आपल्याला नवीन इंटरनेट मिळालं असं त्यांनी जाहीर केलं.

वायर हलवली. डेस्कटॉप पुन्हा एकदा उठला. पत्ता आला: १९२.१६८.१.७. एक घर, एक पेठ. लगेच डेस्कटॉपने नवं नेटवर्क दिसतंय म्हणून तोच सकाळचा प्रश्न विचारला, पब्लिक की प्रायव्हेट. मामांनी सवयीने पब्लिककडे बोट नेलं आणि भाचा, मामी आणि फोनमागची भाच्याची बायको एकदम ओरडले, "प्रायव्हेट!"

साडेपाच वाजले होते. लॅपटॉपवर डेस्कटॉप उघडला. तसा त्याने नाव आणि पासवर्ड मागितला. मामांनी आत्मविश्वासाने रोजचे चार आकडे टाकले. चूक. पुन्हा टाकले. चूक. मामा रोज डेस्कटॉप ज्या आकड्यांनी उघडतात तो पिन आहे, आणि पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो. तो त्या पेटीबाहेर जात नाही, नेटवर्कवरून तर मुळीच नाही. घराच्या आतल्या कडीला किल्ली नसते, पण बाहेरून यायचं तर लॅचची किल्ली लागते. ती किल्ली म्हणजे खरा पासवर्ड. तो भाच्यानेच तीन वर्षांपूर्वी लावून दिला होता आणि "विसरू नको" म्हणून कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला होता.

"त्या वर्षीचं कालनिर्णय?" मामींनी विचारलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. जुन्या कालनिर्णयची पानं मांडणीच्या फळ्यांवर अंथरलेली असतात. मीठ, साखर, पोहे असे डबे उतरवत तिसऱ्या फळीवर, लोणच्याच्या बरणीखाली, ऑगस्टच्या पाठीवर तो सापडला. एका अक्षरावर तेलाचा गोल डाग होता. ते एल आहे की एक याचा निर्णय दोनदा चुकून तिसऱ्यांदा लागला.

फोल्डर उघडलं. ४० जीबी उचलले, लॅपटॉपवर टाकले, आणि हिरवी पट्टी सरकू लागली. भाच्याने हिशोब सांगितला. जुना राउटर सेकंदाला १०० मेगाबिटचा. आठ बिट म्हणजे एक बाइट, तेव्हा साडेबारा मेगाबाइट. वाटेतली गळती धरून अकराच्या आसपास. म्हणजे तासभर. या वेगात त्या आठ तारांपैकी शेंदरी आणि हिरव्या जोडीतल्या चारच राबतात, निळ्या आणि तपकिरी चौघी वायरीत नुसत्या बसून असतात. "तासभर मध्ये कुठलंच दार आपटू नका," एवढं बजावून भाच्याने फोन ठेवला. मामा बेडरूमच्या वायरीपाशी खुर्ची घालून बसले.

पावणेसातला पट्टी संपली. मामांनी लॅपटॉपवर पहिला फोटो उघडला, दुसरा उघडला, सव्वापाच जीबीची फिल्म सुरू करून मंगलाष्टकांपर्यंत पुढे नेली. सगळं जागच्या जागी होतं.

"आलं का?" मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"आलं!" मामा हॉलमधून म्हणाले. "सगळं आलं. काही राहिलं नाही."

मामी पाण्याखाली गॅस पेटवून, हातात किसणी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.